पाच वाजून दहा मिनिटं

स्कोप्येच्या जुन्या स्टेशनावरचं घड्याळ
त्रेसष्टच्या जुलैपासून पाच सतरावर आहे.
सहावीत आम्हाला तिथे नेऊन उभं करतात,
बाई सांगतात किती माणसं, किती घरं,
आणि मागची मुलं चिप्स खातात.

माझ्या स्क्रीनवर ते घड्याळ चालतं.
खाली एक पट्टी आहे,
ती बोटाने सरकवली की सूर्य वर येतो,
सावल्या भिंतींवरून उतरून उंबऱ्याशी आखडतात,
सगळं तिथल्या तिथे.
पूर्वी एका चित्रासाठी मशीन रात्रभर तापायचं,
आता गल्ली हाकेला ओ देते.

सात महिने घातले या गल्लीत.
नगरपालिकेचा नकाशा, एकशे बारा फोटो,
कुणाच्या तरी लग्नाची मुकी रीळ.
गिलाव्याला पोपडे काढले, गजांना गंज,
विटांच्या सांध्यांत शेवाळ,
आणि सगळ्यावर चहाच्या चोथ्यासारखा एक रंग.
इलियोव्ह म्हणाला, वा, इतिहास दिसतोय.

मग वासिल्काला आणलं.
शिंप्याची मुलगी, तेव्हा चौदाची,
याच गल्लीत डावीकडून तिसरं घर.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली.
"हे इतकं जुनं का केलंत?"
मी म्हटलं, साठाहून जास्त वर्षं झाली.
"आत्ता झाली. तेव्हा कुठे झाली होती?
ईस्टरच्या आधीच आईने भिंतीला चुना दिला होता.
माझी कोपरं पांढरी झाली म्हणून
शाळेत हसले होते सगळे."

पोपडे काढायला मला नऊ दिवस लागले.
आमच्या धंद्यात घाण फुकट मिळते,
तिची तयार पाकिटं असतात.
नवा चुना स्वतः बनवावा लागतो.

पुढच्या वेळी ती म्हणाली, आत चल.
मी कॅमेरा दारातून आत घातला
आणि आत काहीच नव्हतं.
करडी पोकळी, भिंतींची मागची बाजूसुद्धा नाही.
तिला सांगितलं, सिनेमात आत जायचं नाहीये.
"बरं," म्हणाली,
आणि पिशवीतून रुमाल काढून नुसताच हातात धरला.

म्हणून रात्री, पगाराच्या वेळेबाहेर,
मी तिचं स्वयंपाकघर केलं.
ओटा तिने सांगितला, सुई टोचायची उशी तिने सांगितली,
मागच्या गॅलरीत विश्नीच्या बरण्या:
आंबट चेरी आणि साखर, तोंडाला फडकं,
चाळीस दिवस उन्हात, रात्रीही बाहेरच.
त्या पाकातून जाणारा उजेड
जमता जमेना. कधी रक्त वाटायचं, कधी सरबत.
जमला तेव्हा सगळी गल्ली अडखळायला लागली,
सेकंदाला साठ चित्रांवरून एकवीसवर.

इलियोव्हने बरोब्बर तिथेच बोट ठेवलं.
"हे काय आहे? हे कुणाला दिसणार?"
मी म्हटलं, काढतो.
स्टेशनामागचे चौदा दिव्यांचे खांब काढले.

शूटिंगला वासिल्का आली.
भिंतभर एलईडीवर पहाट,
पुढे खरी दोन पायऱ्या, खरी सायकल,
आणि तिच्या बापाच्या वयाचा एक नट
इस्त्रीच्या शर्टाला घाम लावून घेत उभा.
ती भिंतीकडे निघाली तसं कुणीतरी ओरडलं,
फार जवळ जाऊ नका,
जवळून नुसते ठिपके दिसतात.
"माहीत आहे," ती म्हणाली, "मला लांबूनच बघायची सवय आहे."

जागेवर येऊन बसली.
मग हळूच मला विचारलं,
तिथे किती वाजलेत?
पाच, मी सांगितलं. बरोबर पाच.
"थोडं पुढे घे ना. पाच दहापर्यंत.
दूधवाला येतो."

दूधवाला आमच्या यादीत नव्हता.
मी पट्टी सरकवली.
चुन्यावर ऊन चढलं, एका बरणीला लागलं,
गल्ली जरा अडखळली.
आणि मी बोट
तिथेच ठेवलं.

लंचसाठी बोलावलं तेव्हा
माझा हात मुंग्यांनी बधिर झाला होता.